भिंतीवरचे कांदे

आमच्या वाड्यातल्या घरात भिंतीवर जायचे दोनच मार्ग होते. एक, देव असणं. दुसरा, वारणं. देवांना पूर्वेची भिंत, वारलेल्यांना दक्षिणेची. मधल्या जिवंत माणसांना भिंतीला डोकं टेकायचीसुद्धा बंदी, कारण तेलाचा डाग पडतो. आजोबांनी सत्तरीत एकदा हौसेनं कोट घालून स्टुडिओत फोटो काढून घेतला आणि फ्रेम करून आणला. आजीनं तो जुन्या लुगड्यात गुंडाळून ट्रंकेत ठेवून दिला. "वेळ आली की लावू," म्हणाली. अकरा वर्षांनी वेळ आली, तेव्हा लावला.

त्यामुळे नव्या फ्लॅटचं इंटीरियर करणाऱ्या मुलीनं टॅब पुढे करून, "काका, डायनिंगच्या या वॉलवर आपण फळं लावू या," असं म्हटलं, तेव्हा माझ्या मनात पहिला प्रश्न आला तो हाच, की ही फळं आमची कोण लागतात?

"इम्प्रेशनिस्ट स्टिल लाइफ, काका. फ्रेंच. प्रिंट घ्यायची, छान फ्रेम करायची. वॉल एकदम बोलायला लागते."

आमच्या घरात बोलणाऱ्यांची टंचाई कधीच नव्हती. पण बायकोनं टॅब हातात घेतला होता आणि मग माझ्या मताला फारसा वाव राहत नाही.

टॅबवर भलं मोठं दुकानच उघडलेलं होतं. प्रत्येक चित्राखाली तीन गोष्टी: माप, फ्रेमचा रंग आणि हे चित्र कोणत्या रंगाच्या सोफ्याला शोभेल. चित्रकाराचं नाव हवं असेल तर बोटानं बरंच खाली जावं लागे. बायकोनं चष्मा लावला आणि कुशनच्या रंगाशी सफरचंदं जुळवायला घेतली. साडीवर ब्लाउजपीस बघायची जी तिची पद्धत तीच इथं. जरा लांब धरायचं, मान तिरकी करायची आणि म्हणायचं, "दिवसाउजेडी बघायला हवं." इम्प्रेशनिस्ट मंडळींचं अख्खं तत्त्वज्ञान या एका वाक्यात मावतं, हे तिच्या गावीही नव्हतं. स्टुडिओतल्या कोंदट अंधारात काढलेला तपकिरी रंग पुरे झाला, वस्तूवर या घटकेला जो उजेड पडलाय तोच काढायचा, एवढंच तर ते म्हणत होते. १८७४ सालच्या १५ एप्रिलला पॅरिसमध्ये नादार नावाच्या फोटोग्राफरच्या जुन्या स्टुडिओत त्यांनी आपलं पहिलं प्रदर्शन भरवलं, तेव्हा लुई लरॉय या टीकाकारानं नाकानं भरपूर कांदे सोलले. मोनेच्या चित्राचं नाव होतं 'इम्प्रेशन, सूर्योदय'. त्यावरून त्यानं सगळ्यांना 'इम्प्रेशनिस्ट' म्हणून हिणवलं आणि वर टोला हाणला, की भिंतीला चिकटवायचा अर्धाकच्चा कागदसुद्धा याच्यापेक्षा पुरा झालेला असतो. आज दीडशे वर्षांनी ती चित्रं खरोखरच भिंतीच्या कागदाच्या भावानं, सोफ्याच्या रंगाप्रमाणे मिळतात. टीकाकार इतका खरा ठरल्याचं दुसरं उदाहरण मला माहीत नाही.

एवढ्यात आई बाहेर आली. "कोणाची चित्रं?"

"ही माने यांची आणि ही मोने यांची," मी म्हणालो.

आई खुर्ची ओढून बसली. आडनावं ओळखीची निघाल्यावर तिला रस वाटणं साहजिक होतं. "माने म्हणजे म्हसवडचे का?"

माने म्हणजे एदुआर माने, पॅरिसचे, आणि मोने म्हणजे क्लोद मोने, तेही तिकडचेच, हे तिला सांगता सांगता माझी दमछाक झाली. तिनं मात्र एक देशावरचा आणि एक कोकणातला अशी वाटणी करून टाकली होती आणि पुढे शेवटपर्यंत ती बदलली नाही. तिचं फार चुकलं असंही नाही. १८६५च्या सरकारी प्रदर्शनात खुद्द पॅरिसच्या लोकांनी माने यांना गाठून त्यांच्या समुद्राच्या चित्रांबद्दल अभिनंदन केलं होतं. समुद्र मोन्यांचा होता. माने संतापले, हा कोण माझ्या नावावर जगणारा उपटसुंभ म्हणून. पुढे दोघांची चांगली मैत्री झाली. पण माने इम्प्रेशनिस्टांच्या आठपैकी एकाही प्रदर्शनात सामील झाले नाहीत. देशावरचा ताठा म्हणायचा.

माने यांची शतावरीची जुडी आईला आवडली. ही आपल्याकडची औषधाची मुळं नव्हेत, तिकडची भाजी, कोवळ्या कोंबांची. पांढुरके जाड कोंब, जांभळट टोकं, पाल्यावर ठेवलेली बांधीव जुडी. हे चित्र १८८० साली शार्ल एफ्रुसी नावाच्या संग्राहकानं ८०० फ्रँकला ठरवलं आणि पाठवले १०००. वरच्या दोनशेचं काय करावं? माने यांनी एक छोटं चित्र काढलं, टेबलाच्या कडेवर पडलेली शतावरीची एकच काडी, आणि ते एफ्रुसीकडे धाडून दिलं. सोबत चिठ्ठी, की तुमच्या जुडीतली एक काडी राहिली होती.

मला ही गोष्ट फार आवडते. मी ती रंगवून सांगितली. आई शांतपणे म्हणाली, "दोनशे रुपयांत एक काडी? आमचा भाजीवाला कोथिंबीर तशीच टाकतो पिशवीत." आज ती जुडी जर्मनीत कोलोनच्या संग्रहालयात आहे आणि काडी पॅरिसला, ओर्से संग्रहालयात. हे ऐकल्यावर मात्र ती हळहळली. फुटलेली कुटुंबं तिला बघवत नाहीत.

मोन्यांच्या शेवंत्या आणि सूर्यफुलं पुढे सरकली. मोने फुलाफळांकडे वळले त्याला कारण गरजेचं होतं. १८८०च्या आसपास त्यांची नदी-समुद्राची चित्रं खपत नव्हती आणि फुलंफळं खपत होती. म्हणजे घरात लावायला फळांचं चित्र घेणाऱ्या माणसाला जे हसतात, त्यांनी लक्षात ठेवावं की मोन्यांची चूल काही काळ आपल्यासारख्यांनीच पेटती ठेवली. १८८२ साली ते समुद्रकाठच्या पुरव्हील गावात राहिले. तिथल्या खानावळीचा बल्लव गालेत नावाचे गोल, खरपूस केक करायचा, तर मोन्यांनी त्या गालेतींचंच चित्र काढलं. बायको म्हणाली, पुरणपोळ्या आहेत. आईला ती थालीपिठं वाटली आणि मधे भोक का नाही, असा तिचा आक्षेप होता. बल्लवाचंही एक स्वतंत्र चित्र मोन्यांनी केलंय. खानावळवाल्याची उधारी अशा रीतीनं फिटत असेल, तर चित्रकला शिकायला हवी होती असं मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं.

कायबॉतचा फळांचा गाळा थेट आमच्या मंडईतला वाटला, रचून ठेवलेल्या फळांमधून वर डोकावणारी पानंसुद्धा तशीच. बायकोचं बोट थबकलं. पण पुढचंच चित्र त्याच कायबॉतचं निघालं आणि त्यात कसायाच्या दुकानात टांगलेलं वासराचं डोकं आणि बैलाची जीभ होती. आईनं "शिव शिव" म्हणून डोळे मिटले. कायबॉत या घरातून जो बाद झाला तो कायमचा.

आणि मग आले कांदे.

पिवळट-गुलाबी, लालसर, चकचकीत सालीचे कांदे. साल इतकी पातळ की फुंकर मारली तर उडेल. शेजारी लसणाचे गड्डे. खाली पांढरं फडकं, अगदी ओट्यावर असतं तसं, आणि मागे तिरक्या, भुरभुरीत फटकाऱ्यांची निळसर हवा. चित्रकार ओग्युस्त रेन्वार, साल १८८१, मुक्काम नेपल्स. हा माणूस तेराव्या वर्षापासून चिनी मातीच्या भांड्यांवर फुलं रंगवायच्या कारखान्यात उमेदवारी करत होता. चाळिशीत इटलीला गेला तो राफाएल बघायला. रोममधली राफाएलची भित्तिचित्रं बघून, आपल्याला चित्रं काढताच येत नाहीत असं वाटण्याइतका हादरला. अशा मनःस्थितीत माणसं दारू पितात किंवा तीर्थयात्रेला जातात. यानं नेपल्सला जाऊन कांदे काढले. तेही असे, की एकाही कांद्याला आपण कांदा असल्याचा कमीपणा वाटत नाही.

"हेच घ्यायचं," मी म्हणालो.

इंटीरियरवाली गप्प झाली. वॉलनं काय बोलावं याबद्दल तिच्या काही अपेक्षा असाव्यात. बायको म्हणाली, "अहो, कांदे? दाराशी आल्या आल्या?" मी म्हणालो, मराठी माणसाचं लग्नच जर कांद्याच्या साक्षीनं ठरत असेल, पोह्यांतल्या का होईना, तर त्याला भिंतीवर जागा द्यायला काय हरकत आहे? आपण घेरी आलेल्या माणसाच्या नाकाला कांदा लावतो, भाकरीबरोबर बुक्कीनं फोडून खातो, लासलगावचा भाव चढला की दिल्लीचं सिंहासन डुलतं. सफरचंदानं आपल्यासाठी काय केलंय? डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय ते घरात आलेलं मी पाहिलेलं नाही.

मग मी हुकमाचं पान टाकलं. हे मूळ चित्र आज अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यात विल्यम्सटाउन नावाच्या गावी आहे, १९५५ साली उघडलेल्या क्लार्क संग्रहालयात. स्टर्लिंग क्लार्क या गृहस्थाकडे तीसहून जास्त रेन्वार होते आणि त्यांत त्याचा जीव या कांद्यांवर. पैसा कुठून आला? त्याचे आजोबा एडवर्ड क्लार्क हे सिंगर शिवणयंत्राच्या कंपनीत भागीदार. यंत्रं हप्त्यानं विकायची टूम त्यांचीच. आता आमच्या पणजीचं पायाचं मशीन सिंगरचं होतं, काळं, सोनेरी वेलबुट्टीचं, आणि ते हप्त्यानं घेतलेलं होतं. अजून माळ्यावर आहे. अर्धी आळी त्यावर झबली शिवून घ्यायची. त्या हप्त्यांतली दिडकी का होईना, समुद्र ओलांडून या कांद्यांना लागली असणार. म्हणजे कांदे परके नाहीत. त्यांत आमच्या घराण्याचा हिस्सा आहे.

बायकोनं कांद्यांना मान्यता दिली, पण तडजोड म्हणून सफरचंदंही घ्यायची ठरली. एक जेवणाच्या टेबलामागे, एक हॉलमध्ये.

पुढची गंमत पैशाची. रेन्वारला जाऊन शंभर वर्षं उलटली, १९१९ साली तो गेला, तेव्हा चित्रावर कोणाचा हक्क उरलेला नाही. सफरचंदांचं, म्हणजे सेझानच्या 'सफरचंदांची टोपली' या चित्राचं तर शिकागोच्या संग्रहालयानं फुकट खातं उघडलंय. हव्या तेवढ्या बारकाव्याची प्रतिमा संगणकावर उतरवून घ्या. म्हणजे सेझानची किंमत शून्य. प्रिंटची किंमत साडेआठशे. आणि फ्रेमची, माउंट आणि काचेसकट, चार हजार दोनशे. सेझानचंच दुसरं एक फळांचं चित्र १९९९ साली न्यूयॉर्कच्या लिलावात सहा कोटी डॉलरांवर गेलं. त्याची फ्रेम केवढ्याला पडली असती, हा विचार करायचं धाडस मला झालं नाही.

प्रिंट करून देणारा तरुण म्हणाला, "साधी प्रिंट देऊ की जिक्ले?" मी सावध झालो. जिक्ले म्हणजे उंची कागदावर किंवा कॅनव्हासवर शाईचे अतिसूक्ष्म तुषार उडवून काढलेली प्रिंट. १९९१ साली कॅलिफोर्नियातल्या एका छपाईकारानं, संगणकाची छपाई म्हटलं तर गिऱ्हाईक पळेल म्हणून, फ्रेंच क्रियापद शोधून हे नाव ठेवलं. मूळ अर्थ पिचकारी मारणे. पिचकारीला आमच्याकडे रंगपंचमीला जो मान आहे तेवढाच, पण फ्रेंचमध्ये मारली की दर दुप्पट होतो. मी साधी घेतली. हातानं रंगवलेलीही मिळते, असं त्यानं सांगितलं. चीनमध्ये शेन्झेनजवळ दाफेन नावाची वस्ती आहे, तिथं माणसं ओळीनं बसून व्हॅन गॉगची सूर्यफुलं रंगवतात. एकेका माणसाच्या हातून तीच फुलं वर्षानुवर्षं. खुद्द व्हॅन गॉगनं ती आपला चित्रकार मित्र गोगँ याच्या खोलीसाठी म्हणून १८८८ साली काढायला घेतली आणि त्याच्या हातून सूर्यफुलांची मोजकीच चित्रं झाली.

फ्रेमवाले काका पेठेतले. दुकान आठ बाय दहाचं, त्यात दत्त, गजानन महाराज, नुकतेच गेलेले तीन आजोबा आणि बारावीत पहिली आलेली एक मुलगी. काकांनी कांद्यांची गुंडाळी उलगडली, चारी कोपऱ्यांवर पेपरवेट ठेवले आणि बराच वेळ बघत राहिले.

"नाव-तारीख घालायची खाली?"

"तारीख कशाला?"

"नाही, घालतात. कधी गेले ते."

मी सांगितलं, कोणी गेलेलं नाही, कांदे आहेत. आणि सांगता सांगताच माझी जीभ अडखळली. फ्रेंच भाषेत अशा चित्राला म्हणतातच मुळी 'नात्यूर मोर्त', मेलेला निसर्ग. म्हणजे वाड्यातल्या नियमाप्रमाणेसुद्धा कांदे भिंतीवर जायला पात्र होते. दक्षिणेच्या.

"पट्टी कुठली? देवाला सोनेरी, माणसाला काळी. कांद्याला..." काका विचारात पडले. चाळीस वर्षांच्या धंद्यात हा प्रसंग आला नव्हता.

मी विद्वत्ता पाजळली. इम्प्रेशनिस्टांच्या १८७७च्या प्रदर्शनात त्यांच्यातल्याच पिसारोनं आपली चित्रं पांढऱ्या चौकटींत लावली होती. रंग खुलावेत म्हणून. पुढे विकणाऱ्यांनी पुन्हा सोनेरी नक्षीच्या चौकटी घातल्या, कारण सोनं दिसलं की गिऱ्हाइकाला धीर येतो.

"मग विकणारा शहाणा होता," काका म्हणाले. "पांढरी पट्टी माशीला बरी. दोन महिन्यांत ठिपके."

शेवटी सागवानी रंगाची साधी पट्टी ठरली, आत दोन इंची माउंट. "हारासाठी वर खिळा ठेवू ना?" या प्रश्नाला मी ठाम नकार दिला. काकांनी एक सल्ला फुकट दिला: उन्हासमोर लावू नका. स्वस्त शाईतला लाल आधी उडतो, मग पिवळा, शेवटी निळा तेवढा राहतो. सलूनमधल्या जुन्या नटनट्या निळ्या का पडलेल्या असतात, ते मला वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी कळलं. निळे कांदे मी डोळ्यांसमोर आणून पाहिले. ते कोणत्यातरी पुढच्या चळवळीत खपले असते.

निघताना लक्ष गेलं, तर काकांच्या गल्ल्यामागे रविवर्म्याची लक्ष्मी. कमळावर उभी, मागे हत्ती. जुनी, शिळाछापाची, कडा पिवळ्या पडलेल्या. "आजोबांच्या वेळची," काका म्हणाले. रविवर्म्यानं १८९४ साली मुंबईत छापखाना काढला, जर्मन यंत्रं आणली, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला नेला आणि तेलरंगातल्या देवता गावोगावच्या घरांत पोचवल्या. त्या लक्ष्मीसमोर चार पिढ्यांनी उदबत्ती लावली. मूळ चित्र कुठे आहे, कॅनव्हास केवढा आहे, असं कोणी विचारल्याचं ऐकिवात नाही. नक्कल म्हणून तिला कमी नवस बोलला गेला, असंही नाही. मग रेन्वारच्या प्रिंटला नाक मुरडणारे आपण कोण? या विचारानं मला इतकं बरं वाटलं की मी घासाघीस न करताच पैसे दिले. बायकोला हे अजून सांगितलेलं नाही.

कांदे लागले विनातक्रार. घोळ घातला सफरचंदांनी.

सुतार आला, खिळा ठोकला, सेझान टांगला आणि मागे सरकून बघू लागला. मग खिशातून लेव्हलची पट्टी काढून फ्रेमवर धरली. बुडबुडा बरोबर मधोमध. पुन्हा मागे सरकला. पुन्हा पट्टी धरली. तिसऱ्या वेळी त्यानं मला हाक मारली. "साहेब, फ्रेम लेव्हलला आहे. टेबलच वाकडं आहे."

आता यावर काय बोलणार? टेबल वाकडंच आहे. कापडाच्या डावीकडे टेबलाची कड जिथं शिरते, उजवीकडे ती तिथून बाहेर येत नाही. बाटली एका बाजूला कललेली. टोपली इतकी पुढे झुकलेली की सफरचंदं आपल्या मांडीवर येतील. शतकभर जगातले मोठमोठे चित्रकार या वाकडेपणावर पोसले गेले, असं मी सुतारासमोर म्हणायला गेलो. पण मला आठवली ती माझी स्वतःची एलिमेंटरीची परीक्षा. वस्तुचित्राचा पेपर, तांब्या, त्यावर टेकवलेली ताटली आणि दोन वांगी. माझ्या टेबलाच्या दोन्ही बाजू अशाच जुळल्या नव्हत्या. सराव करून घेताना ड्रॉइंगच्या सरांनी कान धरून विचारलं होतं, "टेबल आहे की घसरगुंडी?" मला 'सी' मिळाली. सेझानला शिकागोत स्वतंत्र भिंत मिळाली.

फरक चिकाटीचा, असं मी मनाची समजूत घालायला म्हणतो. सेझान इतका सावकाश काढायचा की फळं कुजायची. व्होलार या विक्रेत्याचं व्यक्तिचित्र करताना त्याला ११५ वेळा बसवलं, आणि बिचारा डुलकी लागून कलंडला तर त्याच्यावरच खेकसला, की सफरचंदासारखं बसायचं, सफरचंद हलतं का कधी? सफरचंदांशी त्याचं नातं जुनं होतं. एक्स गावच्या शाळेत पोरं एका किरकोळ मुलाला छळायची. सेझाननं त्याची बाजू घेऊन मार खाल्ला. दुसऱ्या दिवशी तो मुलगा टोपलीभर सफरचंदं घेऊन आला. मुलाचं नाव एमिल झोला. पुढे तो मोठा कादंबरीकार झाला आणि दोघांतलं येणंजाणंही थांबलं, पण सफरचंदं राहिली. सुताराला यातलं काही सांगितलं नाही. त्यानं जाताना बायकोला एवढंच सांगितलं, "ताई, माझ्याकडून सरळ आहे. नंतर म्हणू नका."

पुढचे सहा महिने कांद्यांचे होते. पाहुणा आला की जेवताना त्याची नजर समोर जाई आणि मग दोनपैकी एक प्रश्न येई: "कुठून घेतलंत?" किंवा "कांदेच का?" आमच्या कामाच्या मावशींनी मात्र पहिल्याच दिवशी जवळ जाऊन काच पुसली, नीट निरखलं आणि निकाल दिला, "वरचा एक जरा मऊ पडलाय." बोस्टनजवळ राहणारी माझी भाची सुट्टीत मुद्दाम विल्यम्सटाउनला गेली आणि मूळ चित्र बघून आली. तिनं रात्री फोन केला तेव्हा आवाजात निराशा होती. "मामा, एवढंसंच आहे ते. सव्वा फूट बाय दोन फूट. तुमचं केवढं मोठं आहे." बायको सोफा बघून माप देऊन आली होती, दोन फूट बाय तीन फूट, कडा जराशा छाटून. आमचे कांदे रेन्वारच्या कांद्यांपेक्षा दीडपट होते. आईनं हे शेजारी सांगितलं.

आईला ते चित्र आवडू लागलं होतं, हे माझ्या उशिरा लक्षात आलं. ती जेवायला त्याच्या समोरच बसते. एकदा म्हणाली, "त्या माणसानं आधी हाताळलेत रे. चाळवून, चोळून साली काढल्यात, मग बसलाय काढायला." रेन्वारवर मी बरंच काही वाचलंय, पण इतकं नेमकं कुठे आढळलं नाही.

आणि मग आषाढ लागला.

आई चातुर्मास पाळते. कांदा-लसूण बंद, आषाढीपासून कार्तिकीपर्यंत. त्याआधी शुद्ध नवमीला कांदेनवमी. त्या दिवशी आमच्याकडे कांद्याची भजी, कांद्याचं थालीपीठ, पीठ पेरून कांद्याची भाजी आणि तोंडी लावायला पुन्हा कांदा असा बेत असतो. त्या दिवशी चित्राला तिनं झेंडूचं एक फूल वाहिलं. हारासाठी खिळा नव्हता, म्हणून फ्रेमच्या कडेवर ठेवलं. फ्रेमवाल्या काकांचं म्हणणं मी ऐकायला हवं होतं.

दशमीच्या रात्री जेवणं झाल्यावर ती म्हणाली, "उद्यापासून ते उतरव."

"अगं, चित्र आहे ते."

"मग? समोर बघत बघत जेवायचं आणि खात नाही म्हणायचं? लसूणही आहे त्यात."

या युक्तिवादापुढे कोणतीही कलासमीक्षा टिकणार नाही. मी कांदे उतरवले. हॉलमधली सफरचंदं आणून त्या जागी टांगली. फळं उपासाला चालतात. आईनं दोन दिवस काही म्हटलं नाही. तिसऱ्या दिवशी साबुदाण्याच्या खिचडीचा घास हातात धरून विचारलं, "ती बाटली कसली रे?"

सेझानची ती काळसर, कललेली बाटली. मी बायकोकडे बघितलं. बायकोनं खिचडीकडे बघितलं.

"तेलाची," मी म्हणालो.

"एवढी वाकडी?"

"सांडलंय थोडं."

तिचा विश्वास बसला नसावा, पण वाद वाढवला नाही. दुसऱ्या दिवसापासून दिनदर्शिका फ्रिजशेजारून उठून त्या फ्रेमच्या खिळ्याला आली. बाटली नेमकी झाकली जाते. सफरचंदं दिसतात, एकादशीही दिसते, आणि शिकागोला हे कळायचं काही कारण नाही.

कांदे आमच्या खोलीत, कपाटामागे, जुन्या चादरीत गुंडाळून भिंतीकडे तोंड करून राहिले. मधूनमधून मला उगाच वास आल्यासारखं वाटे. बायको म्हणे, तुमचा भास.

कार्तिकी झाली. द्वादशीला सकाळी मी दाढी करत होतो, तर आई दारात येऊन उभी. आंघोळ झालेली, हातात परडी.

"काढ रे त्यांना बाहेर. चार महिने झाले अंधारात. कोंब फुटले असतील."

मी चादर सोडली, फ्रेम खिडकीशी नेली, उजेडात धरली. आणि बायको स्वयंपाकघरात होती म्हणून सांगतो, चष्मा लावून आधी कोंबच बघितले.